झुकतं माप

दोन देऊन एक घ्यायचा, असा सौदा आहे.
इर्शाद येणार सोमवारी मिरजेहून
त्याचा दोन भिंगांचा जुना कॅमेरा घेऊन,
चौकोनी, पानाच्या डब्यासारखा जड.
बदल्यात त्याला हवेत माझे दोन्ही, पस्तिसाचे.

"दोन देऊन एक? आणि म्हणे दिवाणजी!"
चहात आलं किसता किसता हेमलता म्हणाली.

दिवाणजीच आहे. सत्तावीस वर्षं, सांगलीत, हळदीच्या पेढीवर.
पोत्याचं वजन, वजा बारदान,
वजा हमाली, वजा तोलाई,
उरेल ते मालकाच्या नावे.
तसंच मांडून बघितलं रात्री कच्च्या वहीत:
रोल एक, फोटो छत्तीस.
रोल एक, फोटो बारा.
पैसे जवळपास तेवढेच.
म्हणजे एकेक फोटो तिप्पट महाग,
आणि दाबण्याआधी विचारही तिप्पट.
हा विचार जमेला धरायचा की खर्चात, ते कळेना.
पान तसंच सोडलं.

मागच्या पंधरवड्यात त्यानं दिला होता वापरायला, आठ दिवस.
हरिपूरला नेला, पेवांवर.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडतात,
तो विझला नाही तर मग माणूस.
मल्लाप्पा काठावर उकिडवा, दोरी हातात,
आणि मी मान खाली घालून काचेत बघतोय.
डोळ्याला काही लावलेलं नाही,
कुणावर नेम धरलेला नाही.
मल्लाप्पाला वाटलं, दिवाणजी बेरीज करतायत.
काचेत डावं ते उजवीकडे,
नदी भलत्याच अंगाला.
कंदील जरा हलला की त्याच्यामागे जाताना
माझा हात उलटाच जायचा.
पण काय उजेड होता त्या काचेत!
खालच्या काळोखातून पिवळं वर येत होतं.
दोन पेवं समोरासमोर उघडी,
एक जमिनीत, एक माझ्या पोटाशी.

एकच काढला.
दुसरा काढावासा वाटला नाही.
असं माझ्या बाबतीत आजवर झालं नव्हतं.

तिथंच सौदा ठरला असता.

घरी येऊन जुन्या निगेटिव्ह काढल्या,
पुरात भिजून एकमेकींना चिकटलेल्या,
मग बादलीत सोडवून सोडवून वाळत घातलेल्या.
विशेष काही नाही, हिशेब पुरा करायला.
प्रत्येक रोलच्या शेपटीला,
एकदाचा संपावा म्हणून उडवलेले:
हेमलता, तोंडात पिना, एक हात निऱ्यांत.
दूध, उतू गेल्यानंतरचं.
कुणाची तरी एकच चप्पल.
मांजर, म्हणजे मांजराची पाठ.
माझाच अंगठा.
मोजले तर काही रोलांत सदतीस निघाले,
एकात अडतीस.
डबीवर छत्तीसच लिहिलेले.
पेढीवर याला झुकतं माप म्हणतात.
मागून मिळत नाही ते.
पुलाचे, मिरवणुकीचे, बैलांचे फोटो
लोकांनी मागून नेले, चौकटी करून लावले.
या शेपट्या कुणी मागितल्या नाहीत.

"तेरावा कधी निघतो का रे?"
इर्शादला फोनवर विचारलं.
"नाही निघत," म्हणाला, "पण बारा तरी बघा की."
त्याचंही खरंच.

आज रविवार. दोन्ही पुसून ठेवलेत,
पट्ट्यांना तेल लावलंय.
एकाचा काटा एकोणतिसावर.
देताना रिकामा करून द्यावा लागेल.
गच्चीवर हेमलता कपडे काढतेय,
दातांत दोन चिमटे धरून,
त्यामुळं शब्द नीट येत नाहीत तिचे:
"शंपवा की तो रोल. उद्या यायचाय ना तो."

तीस.

मग बराच वेळ काही नाही.
ऊन अजून आहे टाकीवर.
सहा उरलेत,
आणि वर निघेल ते.